व्याधीचे आभार

मनीषा कोईराला यांचें ‘हील्ड’ हें इंग्रजी पुस्तक २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. २०१२ सालीं या अभिनेत्रीस अंडाशयाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें व न्यूयॉर्क येथें शस्त्रक्रिया आणि औषधोपचार होऊन त्या बऱ्या झाल्या. त्या काळाची ही हकीगत त्यांनीं नीलम कुमार यांच्या साहाय्यानें लिहिली आहे. पुस्तकाचा गुण प्रथम सांगणें न्याय्य होईल. मरणाची भीति, एकटेपणा आणि आईचा आधार यांविषयीं लेखिकेनें आडपडदा ठेवलेला नाहीं. ज्या अवयवाचें नांव आपल्या घरांत कोणी उच्चारीत नाहीं, त्याच्या व्याधीविषयीं इतकें उघड बोलणें हें धैर्याचें काम आहे.

आमचा मतभेद आहे तो निष्कर्षाशीं. कर्करोग ही देणगी होती, त्यानें आपणांस नवें आयुष्य दिलें, असें लेखिका मानतात. स्वतःपुरतें तसें मानण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. परंतु छापलेलें पुस्तक दुसऱ्या रोग्याच्याहि हातीं जातें. आमच्या दृष्टीसमोर वाळूजच्या कारखान्यांच्या आसऱ्यानें राहणारी एखादी गृहिणी येते. पोट फुगतें, दोन घासांत भूक भागते. वात समजून ती ओवा खाऊन दिवस काढते. पुढें छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयांत निदान होतें, तेंहि उशिरां. मग ती स्वतःसच विचारते, ‘माझें काय चुकलें? कोणतें पाप भोवलें?’ रोग हा गुरु म्हणून आला असें तिला सांगणें म्हणजे तिच्या पदरीं अपराध घालणें होय. वास्तविक या रोगाचीं लक्षणें अत्यंत मोघम असतात, आणि लक्षणांपूर्वीं तो हुडकून काढणारी भरंवशाची चांचणी सर्वसाधारण स्त्रियांसाठीं आजहि नाहीं. कांहींजणींत तो आनुवंशिक दोषामुळें होतो. त्यांत तरी त्यांचा अपराध कोणता? रोगास अर्थ चिकटविला कीं रोग्यावर दोष येतो, हा इशारा सुझन सोंटॅग यांनीं १९७८ सालींच ‘इलनेस ॲज मेटाफर’ या ग्रंथांत दिला होता.

या विचारसरणीची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. मनाच्या बळावर जी वांचली ती जिंकली असें म्हटलें, कीं जी गेली ती मनानें दुबळी ठरते. ‘कळत नकळत’ची निर्मिती करणाऱ्या स्मिता तळवलकर २०१४ सालीं याच रोगानें गेल्या, त्यांच्या अंगीं जिद्द कमी होती असें कोण म्हणेल?

‘धीर धर’ म्हणणें सोपें असतें. भीति ऐकून घेणें कठीण. रडणाऱ्या बाईचा धीर सुटला असें समजण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां रडून झाल्यावरच ती पुढच्या उपचारास उभी राहते. म्हणून आमची सूचना इतकीच कीं, या पुस्तकांतील भीतीचीं पानें रोग्याच्या उशाशीं बसून अवश्य वाचावींत. आभाराचीं पानें मात्र तिनें स्वतः मागितल्याखेरीज वाचूं नयेत.