राष्ट्रपतींचा शेरा आणि गुणवत्तेची ढाल

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राष्ट्रपती नेमतात, असे घटनेचे १२४ वे कलम सांगते. सही राष्ट्रपतींची, नाव मात्र दुसरीकडे ठरते. ते कोणी ठरवावे, हा वाद घटनेइतकाच जुना आहे.

२४ मे १९४९ रोजी घटना समितीत सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. सरन्यायाधीशही अखेर माणूसच. माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्यांनाही असतात, असे त्यांनी बजावले. एकट्या सरकारच्या हातीही त्यांनी ही सत्ता दिली नाही. म्हणून कलमात 'विचारविनिमय' आला.

पुढे या शब्दाची दोन्हीकडून मोडतोड झाली. १९७३ साली सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केले. १९९३ साली न्यायालयाने विचारविनिमयाचा अर्थ सहमती असा लावला आणि निवड ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे गेली. बाबासाहेबांनी समोरच्या दाराशी अडवलेली गोष्ट मागच्या दाराने आत आली.

१९९८ च्या अखेरीस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नेमणुकांच्या फाईलवर शेरा लिहिला: अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांचा यथोचित विचार व्हावा. न्या. के. रामस्वामी १९९७ साली निवृत्त झाल्यापासून तेथे एकही दलित न्यायमूर्ती नव्हता. सरन्यायाधीश आनंद यांचे उत्तर होते: गुणवत्ता हाच एकमेव निकष.

हे उत्तर नीट तपासले पाहिजे. राष्ट्रपतींनी राखीव जागा मागितल्या नव्हत्या. विचार करा, एवढेच म्हटले होते. तरीही गुणवत्तेची ढाल पुढे आली. १९५० पासून १९८० साली न्या. ए. वरदराजन येईपर्यंत तीस वर्षे एकही दलित तेथे नव्हता. तेव्हा ही गुणवत्ता कोणत्या मापाने मोजली? परीक्षेत नापास झालेल्या पोराला निदान आपले गुण तरी कळतात. येथे डावललेल्याला आपण परीक्षेला बसलो होतो हेही कळत नाही. ज्याचे माप उघड नाही, ती गुणवत्ता नव्हे. तो ओळखीपाळखीचा व्यवहार होय.

२०१५ साली न्यायालयाने नियुक्ती आयोग चार विरुद्ध एक अशा मताने रद्द केला. सरकारी हस्तक्षेपाची भीती खोटी नव्हती. १९७३ आपण विसरलेलो नाही. पण त्या आयोगातील दोन मान्यवरांपैकी एक जण दलित, आदिवासी, इतर मागास, अल्पसंख्य किंवा स्त्रियांमधून घ्यायचा होता. आयोगाबरोबर ती फटही बुजली.

न्या. के. जी. बालकृष्णन २०१० साली निवृत्त झाले. त्यानंतर दलित न्यायमूर्ती यायला २०१९ उजाडले. तेव्हा आलेले अमरावतीचे न्या. भूषण गवई २०२५ साली सरन्यायाधीश झाले, याचा आनंद आपल्या वस्त्यांना झाला आणि तो रास्तच होता. पण खुर्चीवर आपला माणूस बसल्याने खुर्ची देण्याची रीत बदलत नाही. कोणाचा विचार झाला, कोणाचा नाही आणि का, हे लेखी सांगा, एवढीच आपली मागणी आहे. नारायणन यांचा शेरा अजून उत्तराची वाट पाहतो आहे.