आईची बाजू : ‘द गिव्हर’ आणि ‘सन’

गाजलेल्या कादंबरीचा पुढचा भाग हाती घेताना वाचकाच्या मनात धाकधूक असते. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे प्रत्येक साहस स्वतंत्र होते. त्यामुळे एक कथा फसली तरी दुसरीला बाधा येत नसे. अमेरिकन लेखिका लोइस लोरी यांनी मात्र मोठी जोखीम पत्करली. कुमारांसाठी लिहिलेली त्यांची ‘द गिव्हर’ १९९३ साली प्रसिद्ध झाली व १९९४ साली तिला न्यूबेरी पदक मिळाले. ‘गॅदरिंग ब्लू’ (२०००) आणि ‘मेसेंजर’ (२००४) यांनंतर, २०१२ च्या ‘सन’ या चौथ्या व अखेरच्या कादंबरीत त्या मूळ वसाहतीत परतल्या. हे परतणे सार्थ ठरले काय?

मूळ कथेतील समाजात भूक नाही, भांडण नाही. पण रंग, स्मृती आणि प्रेमही नाही. नकोशा जिवाला तेथे ‘मुक्त’ केले जाते. आपले मायाळू वडील जुळ्यांपैकी कमी वजनाच्या अर्भकाला सुई टोचून मारतात आणि त्याचा निरोपही गोड स्वरात घेतात, हे बारा वर्षांचा जोनस पाहतो. येथे कोणी खलपुरुष नाही. सज्जन माणसे केवळ नियम पाळतात. म्हणूनच अंगावर काटा येतो. गेब्रियल या बाळावरही तीच वेळ येणार हे कळताच जोनस त्याला घेऊन पळतो.

त्या बाळाची आई कोण, हा प्रश्न तेव्हा अस्पर्शच राहिला होता. ‘सन’ तोच हाती घेते. चौदा वर्षांची क्लेअर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत प्रसूत होते. वसाहतीच्या भाषेत ती ‘पात्र’ आणि तिचे मूल ‘उत्पादन’! भावना बोथट करणाऱ्या गोळ्या तिला द्यायच्या राहून जातात आणि तिचे आईपण जागे होते. हा भाग मूळ कादंबरीच्या तोडीचा आहे. किंबहुना तिला अधिक खोली देणारा आहे. मुलाच्या शोधासाठी उभा कडा चढण्याची तिची दीर्घ तयारीही मनाला भिडते.

तिसऱ्या भागात मात्र लेखणी सैलावते. माणसांच्या दुबळेपणाचा सौदा करणारा एक दुष्ट अवतरतो, क्लेअरचे तारुण्य हिरावतो आणि अखेर गेब्रियलकडून नष्ट होतो. पाप एका राक्षसात कोंडले की वाचक सुटतो. पहिल्या पुस्तकाने त्याला सुटू दिले नव्हते. तेथील शेवट संदिग्ध होता, येथे सारे हिशेब चुकते होतात.

एकूण कृती म्हणून ‘सन’ मूळ कादंबरीची उंची गाठत नाही. तरी तिच्यावाचून मूळ कथा अपुरी वाटू लागते, हे तिचे यश होय. कळवण परिसरातील कितीतरी मुले आश्रमशाळेत राहून शिकतात. आईपासून दूर राहणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. पालकांनी दोन्ही कथा, पण आधी पहिली, मुलांना जरूर सांगाव्यात.