निसर्गछायाचित्राचे कलामूल्य : लोणार सरोवराच्या संदर्भात

निसर्गदृश्याचे एक छायाचित्र कलाकृती म्हणून गौरविले जाते आणि दुसरे दुर्लक्षित राहते, यामागील कारणांचा विचार येथे केला आहे.

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. वाढलेल्या क्षारतेत फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यास कारणीभूत असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून स्पष्ट झाले. कुतूहल शमले, तशी छायाचित्रांची चर्चाही ओसरली.

याउलट, जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांच्या ‘राइन 2’ (1999) मध्ये हिरवे काठ, करडी नदी व ढगाळ आकाश यांपलीकडे फारसे काही नाही. पलीकडच्या काठावरील इमारती त्यांनी संगणकाच्या साहाय्याने वगळल्या. 2011 मध्ये या छायाचित्राची एक प्रत न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे 43 लाख डॉलरना विकली गेली. भव्य आकार, मोजक्या प्रती व संग्रहालयांची मान्यता यांमुळे किंमत वाढते, हे खरे. परंतु किंमत म्हणजे कलामूल्य नव्हे. ते काय ठेवावे व काय वगळावे, या निवडीत असते.

लोणारच्या बहुतेक छायाचित्रांत नवल पाण्याचे होते, पाहणाऱ्याच्या दृष्टीचे नव्हते. तथापि सर्वच छायाचित्रे तशी होती काय, हे आपण तपासलेच नाही. छायाचित्रकाराचे नाव व दिनांक नोंदविणे, चित्रे जतन करणे आणि त्यांची समीक्षा करणे जिल्ह्यातील महाविद्यालयांना अशक्य नाही. अन्यथा त्यांतील एखादी खरी कलाकृतीही बातमीबरोबरच संपेल.