वास येतोय, पण कुणाला?

वर्सोव्यातल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा स्क्रीनशॉट मैत्रिणीने पाठवला. कोळीवाड्यात बोंबील वाळत घातल्याची तक्रार होती. ‘स्टिंक’ हा शब्द तीनदा, आणि शेवटी प्रश्न : हे दुसरीकडे हलवता येणार नाही का? मी वेसाव्याचीच. आधी राग आला, मग शब्दकोश उघडला.

‘स्टिंक’चा पूर्वज म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘स्टिन्कान’. त्याचा अर्थ नुसता ‘वास येणं’. फुलंसुद्धा ‘स्टिंक’ करायची. फार तर सोबत ‘गोड’ असा शब्द जोडत. पुढे तो फक्त दुर्गंधीपुरता उरला. त्याच्या जागी फ्रेंचमार्गे ‘ओडर’ आला, दरबारी थाटाचा. आज ‘बॉडी ओडर’ म्हटलं की त्याचीही गत तीच.

आपणही काही वेगळे नाही. ‘दुधाला वास येतोय’ म्हटलं की दूध गेलं. चांगलं सांगायचं तर ‘वास’ला ‘सु’ लावा. ‘घाण’ तर संस्कृत ‘घ्राण’मधून आलेली. म्हणजे मुळात वास घेणं, नाक. शिवी त्यात आपण नंतर भरली.

सचिन कुंडलकरांच्या 2009च्या सिनेमाचं नाव ‘गंध’ आहे, ‘वास’ नाही, हे मला म्हणूनच खटकतं. ‘गंध’ हा निवडक, सोवळा शब्द. सिनेमा मात्र नावापेक्षा धीट आहे. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीत पाळीमुळे बाजूला बसलेली बाई येते. घरात तिला शिवायचं नाही, पण वासांना कोण अडवणार? तिथे वास चांगला की वाईट हा मुद्दाच उरत नाही. दाराबाहेर बसून घरात असण्याचा तो तिचा एकमेव मार्ग आहे.

माझी आजी सुक्या बोंबलाचा तुकडा नाकाशी धरते. नीट वाळलाय, दमट राहिलाय की गेल्या वर्षीचा आहे, हे तिला लगेच कळतं. ती ‘सुगंध’ म्हणत नाही, ‘घाण’ही म्हणत नाही. ‘अजून एक ऊन दे’ म्हणते.

वास बिघडला असं जे म्हणतात, ते बहुतेक वेळा त्या वस्तूपासून लांब उभे असतात. त्या ग्रुपवरच्या माणसाला बोंबलाचा वास आला, पण त्यातून काही कळलं नाही. शब्दकोशात मात्र त्याचाच अर्थ टिकतो, कारण लिहिणारा तो असतो. म्हणून हे लिहून ठेवतेय. कोळीवाडा आधीचा आहे, खिडक्या नंतर आल्या.