रमाबाईंच्या दोन साक्षी

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर मराठीत भांडण पुष्कळ झाले. वाचन त्या मानाने कमी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि वादाची गाडी त्या तारखेपाशीच अडकून राहिली. खरी झुंज त्यानंतरची आहे. ती दिसते सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला.

या पत्रांतल्या बाई नवदीक्षित वाटतच नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवपण, अथानेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, सगळ्याला त्या आधार मागतात. भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्या जेराल्डिनबाईंना बजावतात. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांनाही त्यांची हरकत आहे. न कळणारी पवित्र भाषा त्यांनी घरी पाहिली होती. फरक इतकाच, की तिथे ती त्यांना स्वतःला येत होती! बीलबाई वाद घालतात, समजावून सांगतात. जेराल्डिनबाईंना मात्र या प्रश्नांत अहंकार दिसतो.

आता १९०७ सालची आत्मनिवेदनपर 'साक्ष' घ्या. तिचा पूर्वार्ध विलक्षण आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थे हिंडते, पुराणे सांगते, दान करते. आणि पैसा संपल्यावरही मजुरी करायला धजत नाही, कारण सोवळेपण आड येते. दुष्काळात आईवडील जातात. देव स्वप्नात येत नाही. पुढे कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना बाईंना कळते, की ग्रंथांचे आपसांत कशावरही जमत नाही. स्त्रिया आणि शूद्र यांना खाली ठेवण्यावर मात्र सगळ्यांचे एकमत. इथे श्रद्धा कोणा मिशनऱ्याने मोडलेली नाही. आधी ती पोटातून ढासळली, मग पोथीतून.

उत्तरार्धात मात्र सूर बदलतो. इंग्लंडमध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे बाई म्हणतात. म्हणजे १८८५ चे सारे प्रश्न ही आता उणीव ठरते. त्यांच्या अनुभवाविषयी मी शंका घेत नाही. तो हक्क कोणाला नाही. पण साक्ष हा वाङ्मयप्रकारच असा, की पोहोचलेल्या माणसाने मागचा रस्ता सरळ करून सांगायचा. वळणे त्यात बुजतात. म्हणून बाईंच्याच साक्षीवर बाईंच्याच पत्रांची उलटतपासणी करावी लागते.

शिवाय प्रश्न विझले असेही दिसत नाही. केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, ते काम चालले. लॅटिनवर हरकत घेणारी बाई त्या पानांत अजून बसलेली आहे. ते भाषांतर त्या नजरेने वाचणारा समीक्षक आपल्याला हवा आहे.