खो कोणी द्यायचा?

शालेय क्रीडामहोत्सवातले प्रमुख पाहुण्यांचे भाषण ठरलेले असते. खेळ संघभावना शिकवतो, त्याग शिकवतो, मैदानावर जात नसते. ही वाक्ये खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही. ती अपुरी आहेत. संघ कोणाचा आणि त्याग कोणाचा, हा प्रश्न त्यांत नसतो. व्यासपीठ तो विचारत नाही म्हणून आपल्या समीक्षेने तो विचारला पाहिजे.

या मूल्याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे खो-खो. आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारा गडी आपल्यापेक्षा बसलेल्याच्या आवाक्यात आहे असे दिसताच तो पाठीमागून खो देतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. येथे त्याग आहे, पण तो फिरता आहे. आता बसलेला पुढच्या क्षणी धावणार असतो. वर्णव्यवस्थेत नेमके हेच घडत नाही. तेथे बसवलेला पिढ्यान्‌पिढ्या बसून राहतो आणि त्या बसण्याला धर्म हे नाव मिळते. म्हणून संघात जागा फिरते की नाही, हीच त्यागाची कसोटी मानली पाहिजे. जागा फिरत नसेल तर त्यागाच्या नावाने चालते ती वसुली.

माझ्या शाळेचा कबड्डी संघ तालुक्याला निघाला तेव्हा एस.टी.चे भाडे आणि बनियनचे पैसे ज्याचे त्याने आणायचे होते. आमच्या वस्तीतल्या दोघांच्या घरी ते नव्हते. त्यांच्या जागी दुसरे दोघे गेले आणि प्रार्थनेच्या वेळी या दोघांना ‘संघासाठी जागा सोडणारे’ म्हणून टाळ्या मिळाल्या. ज्याच्या हाती आहे त्याने सोडले तर तो त्याग. ज्याच्या हातून गेले त्याच्यासाठी टाळ्या वाजवणे ही थट्टा आहे. कबड्डी तर सारी स्पर्शाची. अंगाला अंग भिडूनच तेथे बहुतेक गडी बाद होतात. अशी भिडलेली अंगे पाण्याच्या हंड्यापाशी वेगळी होत असतील, तर त्या खेळाने काय शिकवले? बाबासाहेबांनी आपल्या शाळेविषयी लिहून ठेवले आहे की शिपाई नसेल तर त्यांना पाणी नसे. एका शाळेच्या पटावर नाव असणे म्हणजे एका संघात असणे नव्हे.

शाळेबाहेरच्या मैदानाचा इतिहासही हेच सांगतो. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करीत आणि त्यांना सरावासाठी गोलंदाजी करीत. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी पुण्यात आपल्याच संघाबरोबर खेळताना त्यांचा चहा पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात येई, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बळी घ्यायला जो हात चालत होता, तो नाणेफेकीला चालत नव्हता.

कलाकृतींनाही हीच कसोटी लावावी. ‘लगान’ (२००१) मधला अस्पृश्य कचरा संघात येतो तो भुवनच्या भाषणामुळे आणि अधू हाताने चेंडू वळतो म्हणून. त्याचे माणूसपण मान्य व्हायला चमत्कार लागतो. अखेरीस कचरा जी एक धाव काढतो, तिने षटकाराची संधी नायकाकडे जाते. कचरा खो देतो. कचऱ्याला खो कोण देतो?

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) मध्येही मार्गदर्शक वस्तीबाहेरून येतो, आणि ती भूमिका अमिताभ बच्चन करीत असल्याने तो सर्वांवर छाया धरतो. ही उणीव मोठी आहे. पण झोपडपट्टीतली ही मुले आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगतात आणि बाबासाहेबांच्या जयंतीत आपल्या हक्काने नाचतात. निवड झालेल्या आदिवासी मुलीचा बाप ओळखीच्या कागदासाठी वणवण करतो, तेव्हा गुणवत्तेने संघात आलेल्यालाही व्यवस्था कोठे अडवते हे कळते. ‘लगान’ आपल्याला संघात घेतल्याचे समाधान देतो, ‘झुंड’ मैदान आणि वस्ती यांच्यामधली भिंत दाखवतो. दलित जाणिवेला दुसरा चित्रपट जवळचा वाटावा हे स्वाभाविक आहे.

म्हणून शाळेतला खेळ नाकारण्याचे कारण नाही. तो पुरता मागितला पाहिजे. प्रवासाचे भाडे शाळेने द्यावे. हंडा एक असावा. कर्णधारपद आळीपाळीने फिरावे. एवढे झाले तर संघभावनेवर भाषण करण्याची गरज उरणार नाही, मुले ती खेळता खेळता शिकतील.

खो मिळाल्याशिवाय उठणे हा खो-खोमध्ये फाऊल आहे. जागा फिरत असेल तोवर हा नियम आम्हीही पाळू. पण आमच्या वाट्याचा खो ज्या खेळात कधी येतच नाही, तेथे आपणहून उठून धावणाऱ्या मुलाला कोणत्या पंचाने बाद ठरवायचे?