'बंदी फसली' या वाक्याची तपासणी

२७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठविण्याचा निर्णय घेतला. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली ही बंदी सहा वर्षे टिकली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी मात्र कायम राहिली. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. अरण्य तेच आणि मोहही तोच. या वादात कोणाची बाजू न्याय्य, हे ठरविण्यापूर्वी तो ज्या वाक्यांनी लढविला गेला त्यांची जात ओळखणे अगत्याचे आहे.

निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल निर्णयाच्या पाठीशी होता आणि अवैध दारू व गुन्हे वाढले, हे कारण पुढे करण्यात आले. हे वस्तुस्थितीविषयीचे विधान होय. त्याला पुरावा मागता येतो. परंतु येथे किंचित थांबावे. काल परवान्याने बाटली विकणारा दुकानदार असतो. बंदी येताच तेच कृत्य करणारा आरोपी ठरतो. म्हणजे नोंदींतील वाढीचा काही अंश कायद्याच्या व्याख्येतूनच जन्माला येतो. शिवाय पोलीस जितके दक्ष, तितक्या नोंदी अधिक. 'किती गुन्हे नोंदले गेले' आणि 'किती दारू प्यायली गेली' ही दोन निराळी विधाने आहेत. वादात ती सर्रास एकमेकांच्या जागी बसविली गेली.

'महसूल बुडतो' हे वाक्य तर अधिकच फसवे. वरकरणी ती केवळ आकडेमोड. पण तोच पैसा ज्या घरातून जातो तेथील हिशेब त्याच कागदावर न मांडणे, हा मूल्यनिर्णयच आहे. तो फक्त उच्चारलेला नाही.

बंदीचे समर्थकही निर्दोष नाहीत. दारूने संसार बुडतात, हे खरेच. परंतु त्यातून 'म्हणून बंदी हवी' हे आपोआप निघत नाही. बंदीने पिणे घटते, हा मधला दुवा स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. राज्यघटनेचा ४७वा अनुच्छेद राज्यापुढील ध्येय सांगतो. एखाद्या जिल्ह्यात ते साधले का, हे तो सांगू शकत नाही. गोंड-माडिया समाजांत देवकार्याला लागणारी मोहाची दारू आणि बाटलीबंद मद्य यांना एकाच शब्दात कोंबले, की भांडण व्याख्येचे होते. मात्र ते तसे आहे, असे कोणी कबूल करीत नाही.

गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमाने बंदीला गावसंघटन व व्यसनोपचार यांची जोड दिली. त्यामुळे प्रश्नच बदलतो. 'बंदी फसली' आणि 'अंमलबजावणी फसली' या दोन्ही वाक्यांना अवैध दारूचा एकच पुरावा पुरतो. उपाय मात्र परस्परविरुद्ध निघतात. चंद्रपुरात पहिले वाक्य निवडले गेले. दुसरे का बाद केले, याचे उत्तर जप्त बाटल्यांच्या आकड्यांत सापडणारे नाही.